वावरातल्या पाय झीरोसाठी कर्नल: लाईन आली की आपोआप उठला पाहिजे

कृषी फीडरची थ्री फेज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दीड वाजता लाईन आली की विहिरीवरची मोटर ऑटो स्टार्टरने सुरू होते. मोटरच्या खोलीत टांगलेल्या डब्यातला रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू हा छोटा संगणक त्याच वेळी नीट उठला नाही, तर संत्र्याच्या झाडाखाली ओल किती होती, मोटर किती वेळ चालली, करंट किती ओढला, यातलं काहीच नोंदलं जात नाही. टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्याने तिथवर जाऊन रीसेट करणं हा काही उपाय नाही. बॅटरी लावली तरी डीपी जळाली की दिवसेंदिवस लाईन नसते आणि बॅटरी संपतेच. म्हणून पायसाठी स्वतः बांधायच्या कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो सगळी साधनं चालवतो) इथले सगळे पर्याय एकाच हिशेबाने निवडले आहेत: तो कुणीही जवळ नसताना स्वतःहून उभा राहिला पाहिजे. तो लहान होतो, लवकर चढतो, हे फायदे त्यानंतरचे.

समोर धरलेली जोडणी अशी आहे. पाय झीरो डब्ल्यू, म्हणजे बीसीएम२८३५ चिप, एआरएमव्ही६ चा एकच कोर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम. मातीच्या ओलीचे कॅपॅसिटिव्ह सेन्सर ॲनालॉग व्होल्टेज देतात आणि पायवर ॲनालॉग इनपुट नाही, त्यामुळे मध्ये आय-टू-सी (दोन तारांची जोडणी) वरचा एडीएस१११५, जो व्होल्टेजचा आकडा करतो. तापमानाला डीएस१८बी२०, घड्याळाला डीएस३२३१, मोटरच्या एनर्जी मीटरला आरएस-४८५ तारांवरून मॉडबस (मीटरशी बोलायची भाषा) आणि बाहेरच्या जगाशी बोलायला यूएसबी फोरजी डोंगल. आदेश आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पहिलं काम कर्नलचं नाहीच. रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती कार्डवर टाका आणि तयार कर्नलवर सगळी साधनं एकदा चालवून बघा. सेन्सर वाचले जातात, डोंगल नेटला लागतं, मीटर उत्तर देतं, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर नंतर दोष वायरचा आहे की तुम्ही काढून टाकलेल्या ड्रायव्हरचा (साधन चालवणाऱ्या कर्नलच्या भागाचा), हे शोधण्यात आठवडा जातो.

कर्नल पाय झीरोवरच बांधायचा, म्हणजे स्रोतापासून तयार करायचा, विचारही नको. एका कोरवर ते काम कित्येक तास चालतं आणि मध्येच लाईन गेली तर अर्धवट राहतं. उबुंटू किंवा डेबियन असलेला कोणताही लॅपटॉप घ्या, पाच-सहा जीबी जागा मोकळी ठेवा आणि ही पॅकेजं टाका: गिट, बीसी, बायसन, फ्लेक्स, मेक, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्मएचएफ. रास्पबेरी पायचा कर्नल स्रोत गिटहबवर आहे. तो घेताना 'डेप्थ=१' द्यायला विसरू नका. पूर्ण इतिहास ओढला तर काही जीबी डेटा जातो, आणि गावातल्या मोबाइल नेटवर तो अर्ध्यात तुटला की पुन्हा पहिल्यापासून. शाखा 'आरपीआय-६.१२.वाय' किंवा 'आरपीआय-६.६.वाय' घ्या. दोन्ही दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या मालिका आहेत.

मग मूळ संरचना:

मेक आर्क=आर्म क्रॉस_कंपाइल=आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ- बीसीएमआरपीआय_डेफकॉन्फिग

या कंपायलरमध्ये एक खोच आहे. डेबियनचा आर्मएचएफ कंपायलर डीफॉल्टने एआरएमव्ही७ साठी कोड काढतो. कर्नलला त्याने फरक पडत नाही, कारण कर्नलची मेकफाइल प्रोसेसरचा प्रकार स्वतः ठरवते. पण त्याच कंपायलरने सेन्सर वाचायचा तुमचा सी प्रोग्राम बांधून पाय झीरोवर नेला, तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून तो जागीच पडेल. असे छोटे प्रोग्राम पायवरच बांधावेत. त्यांना काही सेकंदच लागतात.

काहीही बदलायच्या आधी 'मेक मेन्यूकॉन्फिग' (पर्याय निवडायचा मेन्यू) उघडून जनरल सेटअपमध्ये 'लोकल व्हर्जन' भरा, उदाहरणार्थ '-वावर'. कर्नलच्या नावाला हा शेपूट लागला की त्याचे मॉड्यूल (लागेल तेव्हा चढवायचे ड्रायव्हरचे तुकडे) '/लिब/मॉड्यूल्स' खाली वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि जुन्या चालत्या कर्नलला धक्का लागत नाही. हे केलं नाही तर आवृत्ती तीच, फोल्डर तेच, मॉड्यूल मात्र नवे, असा प्रकार होतो. मग जुन्या कर्नलवर परतायचं म्हटलं की 'व्हर्जन मॅजिक' जुळत नाही किंवा 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' असा संदेश येतो आणि वाय-फायसुद्धा उठत नाही.

छाटणीसाठी हाताशी चांगलं हत्यार आहे, 'लोकलमॉडकॉन्फिग'. पायवर 'एलएसमॉड'चं आउटपुट, म्हणजे चालू मॉड्यूलची यादी, फाइलमध्ये घ्या, ती लॅपटॉपवर आणा आणि 'एलएसमॉड=' पुढे त्या फाइलचा पत्ता देऊन 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. यादीत नसलेले सगळे मॉड्यूल बंद होतात. टीव्ही ट्यूनर, जॉयस्टिक, साउंड कार्ड असली शेकडो ओझी एका फटक्यात उतरतात आणि लॅपटॉपवर बांधणीचा वेळ बराच कमी होतो.

धोकाही इथेच आहे. यादी काढताना जे साधन जोडलेलं नव्हतं, त्याचा ड्रायव्हर निमूटपणे जातो. घरी टेबलावर यादी काढली, डोंगल खिशात होतं, आरएस-४८५ चा अडॅप्टर वावरातच राहिला होता, तर नव्या कर्नलमध्ये दोन्ही नाहीत. म्हणून यादी काढायच्या आधी झाडून सगळं जोडा, डोंगल नेटला लावा, पेनड्राइव्ह एकदा माउंट करा, प्रत्येक सेन्सर एकदा वाचा. आणि एक शहाणपण: बाजारात आरएस-४८५ चे अडॅप्टर कधी सीएच३४० चिपचे मिळतात, कधी एफटीडीआयचे, कधी सीपी२१०२ चे. आज जे आहे ते जळाल्यावर तालुक्याच्या दुकानात तेच मिळेल याची खात्री नाही. 'यूएसबी सिरीयल' खालचे सीएच३४१, एफटीडीआय आणि सीपी२१०एक्स हे तिन्ही ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून हाताने परत चालू करा. त्यांचं वजन नगण्य आहे. सीएच३४० चिपही सीएच३४१ नावाच्याच ड्रायव्हरवर चालते, नाव बघून गोंधळू नका.

डोंगलचंही तसंच. काही डोंगल सिरीयल मोडेम म्हणून दिसतात, त्यांना 'ऑप्शन' ड्रायव्हर आणि पीपीपी लागतं. काही 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन' मागतात. काही स्वतःच राउटर असल्यासारखी वागतात आणि 'सीडीसी इथर' किंवा 'आरएनडीआयएस होस्ट'वर साधं नेटवर्क कार्ड म्हणून उठतात. तुमचं कोणतं, ते 'एलएसयूएसबी -टी' सांगतं. त्यात प्रत्येक साधनासमोर ड्रायव्हरचं नाव येतं. हे चारही ठेवा. आयपीव्ही६ मात्र जागा वाचवायच्या नावाखाली काढू नका. काही सिमवर मोबाइल डेटाचा मुख्य पत्ताच आयपीव्ही६ असतो. मग डोंगल जोडलेलं दिसतं, सिग्नल भरपूर दिसतो आणि एक बाइटही पुढे सरकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट: कोणता ड्रायव्हर 'वाय' (कर्नलमध्येच) आणि कोणता 'एम' (वेगळं मॉड्यूल).

मॉड्यूल कार्डवरच्या रूट विभाजनात (ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइली असलेल्या भागात) असतात. रूट माउंट करायला (जोडून उघडायला) लागणारा ड्रायव्हरच मॉड्यूल असेल, तर किल्ली कपाटात ठेवून कपाटालाच कुलूप लावल्यासारखं होतं. इनिटरॅमएफएस (रूटच्या आधी रॅममध्ये चढणारी छोटी फाइल सिस्टीम) त्यातून सोडवतो, पण कर्नल बदलला की तोही नव्याने बांधावा लागतो. वावरातल्या डब्यात तुटू शकणारी ती आणखी एक कडी. माझं मत स्पष्ट आहे: बीसीएम२८३५ चे एसडी कार्डचे ड्रायव्हर, एमएमसी ब्लॉक ड्रायव्हर आणि कार्डची फाइल सिस्टीम एक्स्ट४ हे तिन्ही 'वाय' करा आणि साध्या जोडणीत इनिटरॅमएफएसवर अवलंबून राहू नका. इनिटरॅमएफएस नसताना कमांडलाइनमध्ये (उठताना कर्नलला दिलेल्या ओळीत) 'रूट=पार्टयूयूआयडी=' चालतं, कारण विभाजनाची ती ओळख कर्नलला स्वतःला वाचता येते. 'रूट=यूयूआयडी=' किंवा लेबल चालत नाही, ते वाचायचं काम इनिटरॅमएफएसमधल्या प्रोग्रामचं. 'रूटवेट' हा शब्दही तिथे हवाच. तो नसेल तर कार्ड ओळखलं जायच्या आधीच कर्नल रूट शोधून हात वर करतो.

चूक झालीच तर पडद्यावर 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' असं येतं. कंसातले आकडे नीट वाचा, निदान तिथेच आहे. (०,०) असेल तर कर्नलला कार्डच दिसलं नाही: एमएमसीचा ड्रायव्हर राहिला, रूटवेट नाही किंवा रूटचा पत्ता चुकला. (१७९,२) असेल तर कार्ड दिसलं, त्याचं दुसरं विभाजनही दिसलं, कारण १७९ हा एमएमसीचा मेजर क्रमांक आहे. मग राहिली फाइल सिस्टीम, म्हणजे एक्स्ट४ 'वाय' नाही किंवा विभाजन बिघडलंय.

हे वाचायला डब्यात मॉनिटर नसतो. यूएसबी-टीटीएल (सिरीयल) अडॅप्टर जवळ ठेवा, ३.३ व्होल्टचाच. ५ व्होल्टचा लावला तर पिन जळते. पायच्या ६ नंबरच्या पिनेवर ग्राउंड, ८ वर पायचं टीएक्स, १० वर आरएक्स, वेग ११५२००. बूट विभाजनातल्या 'कॉन्फिग.टीएक्सटी'त 'इनेबल_यूएआरटी=१'. तीन वायरी आणि एक लॅपटॉप, यावर बुटाच्या पहिल्या ओळीपासून सगळं दिसतं.

तर मग सगळंच 'वाय' का करू नये? वाय-फायमुळे. 'बीआरसीएमएफएमएसी' या ड्रायव्हरला चिपचं फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम) '/लिब/फर्मवेअर'मधून लागतं. तो 'वाय' असेल तर रूट माउंट व्हायच्या आधीच फर्मवेअर मागतो, फाइल मिळत नाही, 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२' छापतो आणि गप्प होतो. तो 'एम'च राहू द्या. नियम एवढाच धरा: रूटच्या आधी लागतं ते 'वाय', फर्मवेअर मागतं किंवा नंतर जोडलं जातं ते 'एम'.

मेन्यूकॉन्फिगमध्ये पर्याय सापडत नसेल तर '/' दाबून नाव शोधा. 'डिपेंड्स ऑन' ही ओळ वाचा, तिथे कोणती अट अडली आहे ते दिसतं. '.कॉन्फिग' फाइल हाताने बदलायची सवय मोडा. अट पूर्ण नसेल तर तुम्ही लिहिलेली ओळ पुढच्या 'मेक ओल्डडेफकॉन्फिग'ला काहीही न सांगता गायब होते. प्रत्येक बदलानंतर 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग'ने जुनी आणि नवी फाइल ताडून बघा. 'आयकेकॉन्फिग' आणि त्याखालचा प्रोकचा पर्याय दोन्ही 'वाय' करा, म्हणजे वर्षभराने डबा उघडल्यावर '/प्रोक/कॉन्फिग.जीझेड'मधून कळेल की आत नेमकं काय भरलं होतं.

आता स्वतःहून उठण्याचे पर्याय. 'पॅनिक टाइमआउट' ० ठेवला तर पॅनिक झाल्यावर, म्हणजे सावरता न येणारी चूक झाल्यावर, कर्नल अनंतकाळ थांबून राहतो. तो १० करा, म्हणजे दहा सेकंदांनी रीबूट. 'पॅनिक ऑन ऊप्स' चालू करा. ऊप्सनंतर (कर्नलमधल्या अंतर्गत चुकीनंतर) अर्धमेल्या अवस्थेत चालणाऱ्या कर्नलपेक्षा नव्याने उठलेला बरा, कारण तशा अवस्थेत सेन्सरची नोंद थांबते आणि बाहेरून मात्र सगळं जिवंत दिसतं. मग 'बीसीएम२८३५ वॉचडॉग' (सगळं अडकलं की बोर्ड रीबूट करणारा टायमर), तोही 'वाय'. या बोर्डवर रीबूट करायचं कामसुद्धा हाच ड्रायव्हर करतो. तो काढला तर पॅनिकची दहा सेकंदं संपूनही बोर्ड जागचा हलत नाही. याच्या हार्डवेअरची मर्यादा सुमारे १५ सेकंदांची आहे, म्हणून सिस्टिमडीच्या (सगळ्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'सिस्टिम.कॉन्फ'मध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक=१०' लिहा. 'वॉचडॉग नोवेआउट' चालू केला की एकदा सुरू झालेला वॉचडॉग कोणत्याही प्रोग्रामला बंद करता येत नाही. इथे तेच हवं.

पॅनिक का झाला हे नंतर कळावं यासाठी 'पीस्टोर' आणि त्यातला रॅमऊप्स चालू करा, 'कॉन्फिग.टीएक्सटी'त 'डीटीओव्हरले=रॅमऊप्स' जोडा. रीबूटनंतर शेवटचे संदेश '/सिस/एफएस/पीस्टोर'मध्ये मिळतात. लाईनच गेली तर मात्र रॅमसोबत तेही जातं. फक्त वॉचडॉग किंवा पॅनिकच्या रीबूटला त्याचा उपयोग आहे.

पायला स्वतःचं घड्याळ नाही, ही गोष्ट टेबलावर जाणवत नाही, कारण तिथे नेट असतं. वावरात रात्री दीडला लाईन आली आणि टॉवर त्याच लाईनवर अडकलेला असला, तर पाय जुन्याच तारखेने उठतो. ओलीच्या नोंदी चुकीच्या दिवसावर पडतात. नेट आल्यावरही टीएलएस (सुरक्षित) जोडणी 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' म्हणून नाकारली जाऊ शकते. उपाय डीएस३२३१. कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर डीएस१३०७ या नावाखाली आहे. तो, बीसीएम२८३५ चा आय-टू-सी ड्रायव्हर आणि 'आरटीसी_एचसीटूसिस' असे तिन्ही 'वाय' करा, म्हणजे कर्नल उठतानाच वेळ घड्याळातून घेतो. 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' द्या आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे पॅकेज काढून टाका. बाजारातल्या स्वस्त डीएस३२३१ पट्टीवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा सेल चार्ज व्हायला लागतो आणि फुगतो. ३.३ व्होल्टवर चालवा. पायच्या आय-टू-सी पिनांनाही तेच मानवतं.

डीएस१८बी२० ला 'डब्ल्यू१' (वन-वायर), त्याचा जीपीआयओ मास्टर आणि 'स्लेव्ह थर्म' लागतात, तिन्ही 'एम' चालतील. डीफॉल्ट पिन जीपीआयओ ४, ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर. आकडा अंशाच्या हजारपट येतो. तो नेमका ८५००० आला तर ते तापमान नव्हे. सेन्सर नुकताच सुरू झाला आहे आणि मोजमाप झालंच नाही, असा त्याचा अर्थ. १२ बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात लांब वायरीवर व्होल्टेज पडलं की हाच आकडा येतो. पत्र्याखालच्या डब्यात मे महिन्यात ८५ अंश कुणी खरं मानू शकतं, म्हणून प्रोग्राममध्येच तो आकडा गाळा.

एडीएस१११५ चा ड्रायव्हर 'आयआयओ' खाली 'टीआय एडीएस१०१५' या नावाने आहे. बाकी त्यात अडचण नाही.

मॉडबस यूएसबी अडॅप्टरऐवजी जीपीआयओच्या सिरीयल पिनांवर घेणार असाल तर सावध. झीरो डब्ल्यूवर चांगला यूएआरटी (सिरीयल पोर्ट), पीएल०११, ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांवर मिनी यूएआरटी येतो. मिनी यूएआरटीला पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही. मॉडबस आरटीयूचं प्रमाण सेटिंग इव्हन पॅरिटीचं, त्यामुळे मीटर गप्प राहतं आणि माणूस वायरी उलटसुलट करत बसतो. 'डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी' लिहिलं की पीएल०११ पिनांवर येतो. मग कर्नलमधून ब्लूटूथही काढता येतं. कमांडलाइनमधला सिरीयल कन्सोलही तेव्हा काढा, नाहीतर कर्नलचे संदेश थेट मीटरला जातील.

कार्ड बिघडतं ते लिहिताना लाईन गेल्यामुळे. 'ओव्हरले एफएस' (बदल कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवणारी फाइल सिस्टीम) चालू करा, रूट वाचण्यापुरतं ठेवा आणि नोंदींसाठी वेगळं छोटं विभाजन. ओव्हरलेसाठी मात्र इनिटरॅमएफएस लागतो, त्यामुळे कर्नल बदलाल तेव्हा तोही त्याच आवृत्तीचा बांधा. कार्डावरचं स्वॅप बंद, त्याऐवजी झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप). नोंदी दहा मिनिटांनी एकत्र लिहून 'एफसिंक' (लगेच कार्डावर उतरवणं) करा. दर सेकंदाला लिहिलं जाणारं कार्ड लवकर मरतं.

उन्हाळ्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो तिथे पत्र्याच्या खोलीतला बंद डबा आणखी तापतो. चिप ८५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करते. 'सीपीयू फ्रिक्वेन्सी'त डीफॉल्ट गव्हर्नर (वेग ठरवणारं धोरण) 'पॉवरसेव्ह' करा, म्हणजे प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झवर राहतो आणि या कामाला तो पुरून उरतो. 'बीसीएम२८३५ थर्मल' ठेवा आणि चिपचं तापमानही नोंदींसोबत पाठवा. पाय झीरोच्या मालिकेत कमी व्होल्टेज ओळखायची सोय नाही. इतर बोर्डांसारखी सूचना येईल अशी वाट बघू नका, मल्टीमीटर लावा. रिअल-टाइम (ठरल्या वेळेतच उत्तर देणाऱ्या) कर्नलचा मोह नको: ६.१२ मध्ये तो मुख्य प्रवाहात आला, पण ३२ बिटांच्या आर्मसाठी नाही, आणि दहा मिनिटांनी एकदा ओल मोजायला त्याची गरजही नाही.

बांधणी 'झेडइमेज मॉड्यूल्स डीटीबीएस' अशी एकत्र करा. डीटीबी (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) आणि त्याचे ओव्हरले जुने ठेवून फक्त कर्नल बदलला की आरटीसी किंवा डब्ल्यू१ काहीही न सांगता नाहीसे होतात. ६.५ पासून डीटीबी फाइली 'डीटीएस/ब्रॉडकॉम' फोल्डरमध्ये मिळतात, जुन्या मार्गदर्शिकांमधला रस्ता चालत नाही. इमेज 'कर्नल-वावर.आयएमजी' या नावाने बूट विभाजनात टाका आणि 'कॉन्फिग.टीएक्सटी'त 'कर्नल=' पुढे तेच नाव लिहा. जुनी 'कर्नल.आयएमजी' हलवू नका. जुन्या डीटीबींचीही प्रत काढून ठेवा. काही फसलं तर कार्ड कोणत्याही लॅपटॉपमध्ये घालून एक ओळ खोडली की जुना कर्नल परत. हिरवा दिवा सात वेळा लुकलुकला तर फर्मवेअरला कर्नलची फाइलच सापडली नाही, बहुतेक नावात चूक आहे. उठल्यावर 'यूनेम -आर' बघा. शेपूट दिसला नाही तर तुम्ही अजून जुन्याच कर्नलवर आहात.

डबा वावरात नेण्याआधी घरी त्याला छळा. वीस वेळा वीज तोडा: बूट सुरू झाल्यावर ३ सेकंदांनी, ८ सेकंदांनी, ३० सेकंदांनी, नोंद लिहिली जाताना. डोंगल काढून उठवा, वाय-फाय बंद ठेवून उठवा आणि वेळ बरोबर आहे का बघा. 'मॅजिक सिसआरक्यू' (कर्नलला थेट आदेश द्यायची सोय) चालू असेल तर '/प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' लिहून मुद्दाम पॅनिक करा, दहा सेकंदांनी उठतो का बघा. मग 'कर्नल.पॅनिक=०' करून पुन्हा तेच करा, आता त्याला फक्त वॉचडॉगच उठवू शकतो. शेवटी डबा बंद करून दुपारी बारा ते चार पत्र्याखाली ठेवा आणि चार वाजता, तो गरम असतानाच, वीज तोडून परत द्या.